तारखात्याचा सेवक आणि त्याची संघटना

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यांत धामणगांव बढे नांवाचें एक गांव आहे. मुंबई-पुण्याच्या श्रोत्यांच्या कानांवरून तें नांव गेलें असण्याचा संभव थोडा. कापूस आणि ज्वारी पिकविणाऱ्या वऱ्हाडांतील शेंकडों गांवांसारखेंच तेंहि एक. अशा गांवाचा आणि विजेच्या तारेचा संबंध काय, असें कोणासहि वाटेल. परंतु वऱ्हाडांत तारेचें जाळें वाढलें तें मुख्यत्वें कापसाच्याच पायीं. १८६७ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपूरपर्यंत पोंचली आणि मलकापूर तिच्या वाटेवर पडलें. १८७० सालीं व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यानें खामगांवचा रेल्वेफांटा समारंभपूर्वक खुला केला. त्याच वर्षीं एडनवरून समुद्राच्या तळाशीं टाकलेली तार मुंबईस येऊन मिळाली. लिव्हरपूलच्या बाजारांत रुईचा भाव काय फुटला, हें जें पूर्वी बोटीच्या टपालानें आठवड्यांनीं कळावयाचें, तें आतां खामगांवच्या अडत्यास रुई गाडींत भरण्यापूर्वीच कळूं लागलें. शेतकऱ्यास त्याचा लाभ किती झाला हा निराळा प्रश्न. तो येथें काढण्याचें कारण नाहीं.

तारेचा इतिहास सांगतांना बहुधा साहेब आणि व्यापारी यांचींच नांवें येतात. खांबावर चढणारा लाइनमन, कडकट्टाच्या टोल्यांतून अक्षरें वेचणारा तारमास्तर, कानास यंत्र लावून रात्रभर ट्रंक कॉल जोडणारा ऑपरेटर आणि खांबासाठीं खड्डा खणणारा रोजंदार मजूर हे चौघे त्या इतिहासांत क्वचितच दिसतात. या चौघांची नोकरी म्हणजे तीस-पस्तीस वर्षांची लांबलचक वाट. त्या वाटेवर सेवकाचें खात्याशीं जें नातें असे, तें शेवटीं एकाच गोष्टीवर येऊन ठेपे. त्याचीं वर्षें किती मोजलीं गेलीं यावर. वेतनवाढ वर्षांवर, बढती वर्षांवर, निवृत्तिवेतन वर्षांवर, आणि वर्षें मोजण्याची वही मात्र खात्याच्या हातीं. एकट्या सेवकानें वहींतील आंकडा चुकला असें म्हटलें तर त्या म्हणण्यास अर्जाची किंमत. हजारोंनीं मिळून म्हटलें तर त्यासच मागणीची किंमत येते. तारखात्यांतील संघटनेच्या शतकाहून अधिक कालाच्या इतिहासावरून नजर फिरविली, तर तो बहुतांशीं या वहीवरचा झगडा आहे असें दिसून येईल.

झगड्याचा आरंभ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत झाला. १९०७ सालीं मुंबईंत टपालनोकरांची ‘बॉम्बे पोस्टल युनियन’ निघाली. कलकत्त्यास बाबू तारापद मुखर्जी हे त्याच सुमारास टपालनोकरांस एकत्र आणीत होते. टपाल-तार कामगारांच्या परंपरेंत आद्य पुढारी म्हणून आजहि त्यांचेंच नांव घेतात. १९०८च्या आरंभीं तारखात्यांतील सिग्नलर लोकांनीं कामाच्या नव्या वेळापत्रकाविरुद्ध आवाज उठविला. या लोकांत युरोपियन व युरेशियन यांचा भरणा मोठा असे. हिंदी लोकहि होते, पण पगारांत खालच्या पायरीवर. रंगूनचा हेन्री बार्टन हा त्यांचा पुढारी. पुढें काय करावयाचें याचे निरोप एका शहरांतून दुसऱ्या शहरांत ज्या तारेनें गेले, ती तार सरकारचीच होती. मालकाच्याच दोरीनें नोकरांनीं आपली मोट बांधावी, हा योग तोंपर्यंत हिंदुस्थानांत कोठेंहि आला नसावा. रंगून, कलकत्ता, मद्रास, मुंबई, कराची अशा दूरदूरच्या कचेऱ्यांतून काम बंद पडलें, आणि तारांवांचून मुंबईच्या व्यापाऱ्यांची जी तारांबळ उडाली, ती शब्दशः तारांबळच होती. एप्रिलांत संप मिटला. मागितलें तें सारें मिळालें नाहीं. त्याच वर्षाच्या जुलैंत लोकमान्य टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली व गिरणीकामगारांनीं मुंबई सहा दिवस बंद ठेविली. त्या प्रचंड घटनेच्या छायेंत तारवाल्यांचा संप लोकांच्या स्मरणांतून गेला. तथापि, एका खात्याच्या नोकरांनीं देशाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत एकाच वेळीं काम थांबविल्याचा पहिला मोठा प्रसंग तो हाच.

त्या कालीं संघटनेस कायद्याचें कवच नव्हतें. १९२० सालीं मुंबईच्या टपालवाल्यांनीं कित्येक महिने संप चालविला, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत मुंबईंतच लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखालीं अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचें पहिलें अधिवेशन भरलें. पण तिकडे मद्रासेंत बकिंगहॅम व कर्नाटिक गिरणीच्या मालकांनीं कामगारपुढारी बी. पी. वाडिया यांजवर नुकसानभरपाईचा दावा लाविला, तेव्हां पुढारीपणाची किंमत घरादारापर्यंत जाऊं शकते हें सर्वांस कळून चुकलें. भारत सेवक समाजाचे नारायण मल्हार जोशी यांनीं १९२१ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत या प्रश्नास तोंड फोडलें. १९२६ सालीं ट्रेड युनियनचा कायदा झाला आणि नोंदलेल्या संघटनेच्या कार्यकर्त्यांस तशा दाव्यांपासून अभय मिळालें. गोरेगांवसारख्या कुलाबा जिल्ह्यांतील लहानशा गांवीं जन्मलेल्या या मनुष्यानें वक्तृत्वाचा फारसा गाजावाजा न करितां जें काम करून ठेविलें, त्याचा आधार पुढच्या तीन-चार पिढ्यांनीं घेतला. सरकारी नोकरांस मात्र एवढ्यानें भागत नसे. त्यांच्या संघटनेस खात्याची ‘मान्यता’ लागे, आणि मान्यता ही देतां येते तशी काढूनहि घेतां येते.

दुसरें महायुद्ध संपलें तेव्हां महागाईनें टपाल व तार या दोन्ही शाखांतील लहान नोकर गांजून गेला होता. ११ जुलै १९४६ रोजीं पोस्टमन व खालच्या श्रेणींतील नोकरांच्या अखिल भारतीय संघटनेनें संप पुकारला. तिचे अध्यक्ष मुंबईचे व्ही. जी. दळवी. थोड्याच दिवसांत तार व टेलिफोन या शाखांतील लोकहि बाहेर पडले. २२ जुलैस मुंबईच्या कामगारांनीं व २९ जुलैस कलकत्त्याच्या कामगारांनीं त्यांच्या सहानुभूतीसाठीं सार्वत्रिक हरताळ पाळला. ज्यांच्या घरीं तार म्हणजे मृत्यूची वार्ता एवढाच अर्थ होता, अशा लोकांनीं तारवाल्यासाठीं आपली एक दिवसाची मजुरी सोडावी, ही साधी गोष्ट नव्हे. ऑगस्टच्या आरंभीं संप मिटला. पुढच्या वर्षीं पहिल्या वेतन आयोगाचा अहवाल आला, आणि किमान मूळ वेतन तीस रुपये व त्यावर महागाई भत्ता असा कांहीं तरी निश्चित पाया लहान नोकरास मिळाला. हा आयोग केवळ संपामुळें नेमला गेला असें म्हणतां येणार नाहीं. तो आधींच नेमलेला होता. परंतु आयोगापुढें नोकराची बाजू कागदावर नीट मांडण्यास कोणी तरी लागतें, आणि तें काम संघटनेवांचून झालें नसतें.

स्वातंत्र्यानंतर अनेक शकलांत विखुरलेल्या संघटनांची फेरजुळणी झाली आणि २४ नोव्हेंबर १९५४ रोजीं नऊ संघांचा मिळून टपाल-तार कर्मचाऱ्यांचा राष्ट्रीय महासंघ उभा राहिला. आतां सरकार स्वकीयांचें होतें. स्वकीयांशीं भांडण अधिक अवघड जातें, हा संसारांतला अनुभव येथेंहि आला. १९५७च्या ऑगस्टांत संपाची तारीख ठरली. सरकारनें एका हातानें अत्यावश्यक सेवांचा कायदा केला व दुसऱ्या हातानें दुसरा वेतन आयोग नेमला, आणि संप टळला. आयोगाच्या शिफारशींनीं मात्र समाधान झालें नाहीं. ११ जुलै १९६०च्या मध्यरात्रीं केंद्र सरकारच्या नोकरांचा संप सुरू झाला आणि पांच दिवस चालला. आघाडीवर नाथ पै व एस. एम. जोशी यांच्यासारखीं मराठी माणसें होतीं. संप मोडला, संघटनांच्या मान्यता गेल्या, हजारों लोकांवर कारवाई झाली.

या पडत्या काळांतच सभासदत्वाच्या हक्काचा सर्वांत महत्त्वाचा निकाल लागला. तो मुंबईच्याच एका सरकारी नोकरानें लावून घेतला. ते तारखात्यांतले नव्हते. ई. एक्स. जोसेफ हे हिशेब-तपासणी खात्यांत नोकरीस होते व तेथील संघटनेचे चिटणीस होते. संघटनेची मान्यता १९५९ सालीं काढून घेतली गेली, तरी त्यांनीं तिचें सभासदत्व सोडलें नाहीं. मान्यता नसलेल्या संघटनेंत नोकरानें राहूं नये असा त्या वेळीं सेवानियमांत एक पोटनियम होता. तो मोडल्याबद्दल व संपाच्या वेळच्या निदर्शनांत भाग घेतल्याबद्दल त्यांच्यावर आरोप ठेवण्यांत आले. जोसेफ मुंबई उच्च न्यायालयांत गेले. प्रकरण पुढें सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोंचलें. १९६२च्या ऑक्टोबरांत सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला, कीं संघटनेस मान्यता द्यावी कीं न द्यावी हें सरकारनें पाहावें, पण मान्यता नाहीं म्हणून नागरिकास तींतून बाहेर पडावयास लावणें हें घटनेनें दिलेल्या संघस्वातंत्र्याविरुद्ध आहे. संपाचा हक्क न्यायालयानें मान्य केला नाहीं, तो पोटनियम मात्र रद्द ठरला. वर्गणीची पावती खिशांत ठेवणें हा गुन्हा नाहीं, हें अशा रीतीनें कायमचें ठरून गेलें.

आतां या निकालानंतर दोन वर्षांनीं, म्हणजे १९६४ सालीं, धामणगांव बढे येथून मॅट्रिक होऊन निघालेल्या एका वीस वर्षांच्या तरुणाची कल्पना करावी. तो टेलिफोन ऑपरेटर म्हणून खात्यांत लागला. त्याच्या नोकरीच्या वाटेवर एकामागून एक ज्या घटना घडल्या, त्या सर्व इतिहासांत नोंदलेल्या आहेत. तरुण तेवढा कल्पित आहे. त्या पिढींत असे हजारों होते.

एक्स्चेंजवर त्या वेळीं रात्रपाळी असे. पुढ्यांत फळी, फळीवर भोंकें, भोंकांत खुपसावयाच्या दोऱ्या. मुंबईचा अडत्या ‘अर्जंट’ मागतो, अकोल्याची लाइन व्यस्त असते, आणि दोघांच्या शिव्या मधल्या माणसास खाव्या लागतात. तक्रार आली कीं खात्याचा आरोपपत्राचा कागद हातीं पडतो. येथें संघटनेचा पहिला, आणि खरें म्हणजे सर्वांत नित्याचा, उपयोग दिसून येतो. १९६५च्या शिस्तविषयक नियमांनुसार खात्याच्या चौकशींत आरोपी नोकरास वकील सहसा घेतां येत नाहीं. पण दुसऱ्या एखाद्या सरकारी नोकरास मदतनीस म्हणून घेतां येतें. हा मदतनीस बहुधा संघटनेचा कोणी तरी जुना कार्यकर्ता असे. त्यास नियमांचें पुस्तक तोंडपाठ, जुनीं परिपत्रकें जपून ठेवलेलीं, कोणत्या कलमाखालीं कोणता साक्षीदार उलटा तपासतां येतो हें ठाऊक. वर्तमानपत्रांत अशा चौकश्यांच्या बातम्या येत नाहींत. परंतु एका वेतनवाढीची रोखणूक वांचली तर तीस वर्षांत तिचा आंकडा केवढा होतो, याचें गणित शाळेंतील मुलासहि करतां येईल.

नोकरीस चार वर्षें झालीं तों १९ सप्टेंबर १९६८चा दिवस उजाडला. गरजेवर आधारलेलें किमान वेतन मिळावें ही मागणी. हें तत्त्व १९५७च्या भारतीय श्रम परिषदेनें मान्य केलेलें होतें. सरकार तें आपल्या स्वतःच्या नोकरांस लागू करण्यास तयार नव्हतें. संप एकाच दिवसाचा, लाक्षणिक. संपापूर्वीच सरकारनें वटहुकूम काढला. गृहमंत्री यशवंतराव चव्हाण होते. महाराष्ट्रांतील नोकरांस आपल्याच माणसाच्या खात्याकडून आलेला हा हुकूम अधिक झोंबला. हजारोंस अटक झाली, कांहीं ठिकाणीं माणसें मेलीं, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. ज्यांच्या राहिल्या त्यांच्याहि सेवापुस्तकांत एक दिवसाच्या गैरहजेरीबद्दल ‘सेवेंत खंड’ अशी नोंद झाली.

या दोन शब्दांचा अर्थ बाहेरच्या मनुष्यास सहसा कळत नाहीं. खंड म्हणजे एका दिवसाचा पगार बुडणें नव्हे. खंड पडला कीं त्याच्या मागचीं वर्षें हिशेबांतून निघून जातात आणि मोजणी दुसऱ्या दिवसापासून नव्यानें सुरू होते. वीस वर्षें नोकरी झालेल्या लाइनमनाच्या कपाळीं याचा अर्थ काय, तो निराळा सांगावयास नको. अठ्ठावन्नाव्या वर्षीं निवृत्त व्हावयाचें आणि पूर्ण निवृत्तिवेतनास ठराविक वर्षांची सेवा लागे. धामणगांवच्या कल्पित ऑपरेटराचीं पहिलीं चार वर्षें जाणार होतीं. संपापूर्वी जे सभासद नव्हते आणि कामावर गेले, त्यांचें कांहींच गेलें नाहीं. त्या महिन्यांत वर्गणीची पावती हें नफ्याचें साधन नव्हतें, तोट्याचें होतें, आणि अनेकांनीं ती परत केली यांत आश्चर्य मानण्यासारखें कांहीं नाहीं. जे राहिले त्यांच्यासाठीं संघटनेनें पुढें वर्षानुवर्षें एकच टुमणें लाविलें, कीं नोकरी गेलेल्यांस परत घ्या आणि खंड माफ करा. वाटाघाटी, निवेदनें, खासदारांच्या गांठीभेटी असें तें कंटाळवाणें काम होतें. मोठ्या प्रमाणावर तें सफल झालें. संप एका दिवसांत करतां येतो. त्याचे घाव भरून काढण्यास संघटना टिकून असावी लागते.

संघटनांत फाटाफूटहि याच सुमारास वाढली. सरकारास सोयीचा असा दुसरा महासंघ निघाला. पुढें तिसराहि आला. एकाच एक्स्चेंजच्या भिंतीवर तीन फलक व तीन पेट्या दिसूं लागल्या. पुढाऱ्यांच्या मर्जींतील मनुष्यास सोयीची बदली आणि दुसऱ्यास दूरचें ठाणें, अशा तक्रारी सभासदांतच असत व त्या सगळ्याच खोट्या नव्हत्या. जनतेचें मतहि फारसें अनुकूल नव्हतें. टेलिफोनसाठीं अर्ज करून लोक वर्षानुवर्षें वाट पाहात, आणि नादुरुस्त यंत्र दुरुस्त व्हावयाचें तर दिवाळीची पोस्त आधीं द्यावी लागते असा घरोघर समज होता. संघटनेनें आपल्या सभासदाच्या हक्काची जेवढी वही ठेविली, तेवढी त्याच्या कर्तव्याची ठेविली नाहीं, हा आक्षेप योग्यच आहे.

परंतु १९६६ सालापासून सुरू झालेल्या संयुक्त विचारविनिमयाच्या यंत्रणेंत, म्हणजे सरकार व नोकर यांच्या समोरासमोरच्या परिषदेंत, हळूहळू कांहीं पदरांत पडूं लागलें. तारखात्यांतील सर्वांत मोठें दुखणें बढतीचें होतें. ऑपरेटर म्हणून लागलेला मनुष्य बहुधा ऑपरेटर म्हणूनच निवृत्त होई, कारण वर जागा रिकामी झाल्याखेरीज बढती नसे आणि वरच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. ३० नोव्हेंबर १९८३ पासून नियम आला, कीं सोळा वर्षें सेवा झाली कीं जागा असो वा नसो, वरची श्रेणी मिळेल. १६ ऑक्टोबर १९९० पासून सव्वीस वर्षांच्या सेवेनंतर दुसरी श्रेणी मिळूं लागली. १९६४ सालीं लागलेल्या मनुष्याची पहिल्या तारखेस एकोणीस वर्षें झालेलीं होतीं आणि दुसऱ्या तारखेस बरोबर सव्वीस. १९६८चा खंड कायम राहिला असता तर पहिली श्रेणी १९८४ सालीं आणि दुसरी १९९४ सालीं मिळती. बापाच्या सेवापुस्तकांतील दोन शब्द खोडले गेल्यानें मुलीच्या लग्नाच्या किंवा मुलाच्या शिक्षणाच्या वर्षीं हातीं चार पैसे अधिक आले, अशीं घरें वऱ्हाडांतहि असलीं पाहिजेत.

ऑपरेटराचीं वर्षें निदान लिहिलीं तरी जात. रोजंदार मजुराचीं वर्षें कोठें लिहिलींच जात नव्हतीं. ऐंशींच्या दशकांत टेलिफोन खेड्यांकडे निघाला, खड्डे खणले गेले, केबल पुरली गेली, खांब उभे राहिले, आणि तें सारें काम मस्टरवरच्या मजुरांनीं केलें. त्यांत पांच-पांच, दहा-दहा वर्षें काम केलेले लोक होते, पण खात्याच्या दृष्टीनें ते रोज सकाळीं नव्यानें लागत आणि रोज संध्याकाळीं सुटत. मजुरी कायम मजुराच्या मानानें पुष्कळच कमी. भारतीय डाक तार मजदूर मंच या संघटनेमार्फत त्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें गेला. २७ ऑक्टोबर १९८७ रोजीं न्यायालयानें हुकूम दिला, कीं या मजुरांस कायम नोकरांच्या श्रेणींतील किमान वेतनाइतकें वेतन द्यावें आणि ज्यांची अखंड नोकरी वर्षापेक्षां अधिक झाली आहे त्यांना सामावून घेण्याची योजना करावी. त्यावरून १ ऑक्टोबर १९८९ पासून ‘तात्पुरता दर्जा’ देण्याची योजना सुरू झाली. वर्षांत दोनशें चाळीस दिवस काम केलेलें असलें कीं हा दर्जा मिळे. आणि पुढें मजूर कायम झाल्यावर या दर्जाच्या काळांतील अर्धीं वर्षें निवृत्तिवेतनासाठीं धरलीं जात. अर्धींच. दोन वर्षें राबला तर एक वर्ष. पण ज्याचें एकहि वर्ष कालपर्यंत कोणी मोजलें नव्हतें, त्यास या अर्ध्याचें मोल काय वाटलें असेल, तें पूर्ण वर्षांचा पगार घेणाऱ्यानें ठरवूं नये.

शेवटची मोठी परीक्षा २००० सालीं आली. टपाल व तार हे एकाच खात्याचे दोन हात १९८५ सालींच वेगळे झाले होते आणि त्यांचा महासंघहि त्यानंतर दुभंगला. १९८६ सालीं मुंबई व दिल्ली यांचे टेलिफोन महानगर टेलिफोन निगमाकडे गेले. आतां उरलेल्या देशाचें सारें टेलिफोनखातें कंपनींत रूपांतरित व्हावयाचें होतें. सरकारचा नोकर कंपनीचा नोकर होणार. मग त्याच्या मागच्या पस्तीस वर्षांचें काय? कंपनी उद्यां बुडाली तर निवृत्तिवेतन कोणी द्यावयाचें? या एका प्रश्नावर एरव्हीं एकमेकांचें तोंड न पाहणारे तिन्ही महासंघ एकत्र आले. ६ सप्टेंबरपासून तीन दिवस संप झाला. ३० सप्टेंबर रोजीं निवृत्तिवेतनाच्या नियमांत ३७-अ हा नवा नियम घालण्यांत आला आणि दुसऱ्या दिवशीं, १ ऑक्टोबर २००० रोजीं, भारत संचार निगम अस्तित्वांत आलें. नव्या नियमानें ठरलें, कीं खात्यांतून कंपनींत सामावल्या गेलेल्या नोकराचीं दोन्हीकडचीं वर्षें एकत्र धरावीं आणि त्याचें निवृत्तिवेतन सरकारनेंच द्यावें. खात्याचें रूप पालटलें, वही तीच राहिली.

निवृत्तीचें वय १९९८ सालीं अठ्ठावन्नावरून साठ झालें होतें. त्यामुळें १९६४ सालीं वीस वर्षांचा असलेला धामणगांवचा तरुण २००४ सालीं चाळीस वर्षांच्या सेवेनंतर घरीं परतला. तोंपर्यंत दोऱ्यांची फळी भंगारांत गेलेली होती. १४ जुलै २०१३ रोजीं तारेचीहि सेवा संपली. त्या रात्रीं मोठ्या शहरांतील तारकचेऱ्यांत केवळ आठवण म्हणून शेवटची तार पाठविणाऱ्यांची रीघ लागली होती. खेड्यांतल्या मुलाच्या हातीं भ्रमणध्वनि आला आणि त्याच्या कंपन्या दुसऱ्याच होत्या. निगमाचा व्यवसाय उतरणीस लागला. २०१९ सालीं पन्नाशी ओलांडलेल्यांसाठीं स्वेच्छानिवृत्तीची योजना निघाली आणि ३१ जानेवारी २०२० रोजीं एकाच दिवशीं सुमारे ७८ हजार नोकर निगमांतून बाहेर पडले. कंपनी बुडाली तर काय, हा २००० सालचा प्रश्न भ्याडपणाचा नव्हता हें त्या दिवशीं दिसून आलें. कंपनीच्या तिजोरींत पैसा असो वा नसो, त्यांच्यांतील खात्याच्या जुन्या नोकरांचें निवृत्तिवेतन ३७-अ नियमाखालीं सरकारकडून सुरू झालें.

२००० नंतर निगमानें स्वतः भरती केलेल्या नोकरांस तो नियम लागू नाहीं. त्यांच्यासाठीं भविष्यनिर्वाह निधि आहे, सरकारी निवृत्तिवेतन नाहीं. आणि ठेकेदाराच्या हाताखालीं केबल जोडणारे जे मजूर आहेत, ते १९८७ पूर्वीच्या मस्टरवरील मजुरांच्याच जागीं पुन्हां येऊन उभे आहेत. त्यांचीं वर्षें खात्याच्या वहींत नाहींत, कारण ते कागदोपत्रीं खात्याचे नोकरच नाहींत. नोव्हेंबर महिना आला कीं बँकेंत हयातीचा दाखला देण्यास म्हातारे ऑपरेटर व लाइनमन येतात. त्याच महिन्याच्या २४ तारखेस महासंघाचा स्थापनादिन असतो. त्या दिवशींच्या सभांत पुढच्या खुर्च्यांवर निवृत्तिवेतन घेणारे असतात, मागें उभे असतात ते २००० नंतर लागलेले. वर्गणी दोघेहि देतात.